उपहासकुंडातील जागेची हकीकत

॥ श्री ॥

यमधर्मराज वाचणाऱ्यावर प्रसन्न असो. नसला तरी एक वेळ भेट देणारच आहे, तोवर हा कागद त्याचे हाती सुखरूप राहो. शके पंधराशे अठरा, दुर्मुखनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयीचे वर्तमान लिहावयाचे ते ऐसे जे, एक राज्य होते. राज्याचे नाव लिहावे तरी तेथील लोक अद्याप नांदते आहेत आणि आपणाविषयी कोणी लिहिले म्हणजे काठ्या घेऊन येतात, सबब नाव गाळले, महाराजांचेही गाळले. पाऊसपाणी यथास्थित जाहले होते, शत्रू आपापले घरची भांडणे निस्तरीत होते, आणि मुदपाकखाना वेळेवर चालत होता, आणि महाराजांस करावयास काही उरले नाही, मग त्यांस मरणाची भीती वाटो लागली. प्रथम पहाटे वाटे, मग जेवतानाही वाटो लागली. तेव्हा पंडितांस सदरेवर बोलावून पुसिले की, “मेल्यावर पुढे काय होते ते निश्चयाने सांगावे.” पंडित पुष्कळ बोलिले, आणि जितके बोलिले तितके एकमेकांविरुद्ध बोलिले, आणि शेवटी एकाने दुसऱ्याचे उपरणे ओढिले. महाराज त्रासून म्हणाले, “तुम्हांस ठाऊक नाही ऐसे दिसते.” तेव्हा मागील रांगेतून भानभट नावाचा कवी उठला आणि हात जोडून बोलिला, “महाराज, मज ठाऊक आहे.”

हा भानभट कोण म्हणाल तर नदीपलीकडील वेळूखेडे गावचा. बाप अंतोभट गावचे शिवालयात पूजा करीत असे, तो मागेच वारला. आई गिरमाई गावीच राहत असे. भानभटास आवाज गोड, पाठांतर अफाट, अंगी सर्व गुण होते, मात्र कोणी हसले तर सोसत नसे. शिवी दिली तर सोसे, उपाशी ठेविले तर सोसे, परंतु हसणाऱ्याचे तोंड जन्मात विसरत नसे. त्यास यमलोकीचे काडीइतके ठाऊक नव्हते हे सांगणे नलगे. परंतु मागील रांगेत बसून बसून तो कंटाळला होता, आणि तोंडातून शब्द गेला तो गेला. मग घरी जाऊन कडी लावून यमपुरीचा प्रबंध रचू लागला, आणि एकेक प्रसंग तयार होईल तैसा सभेत म्हणो लागला. पहिले प्रसंगी स्वर्ग वर्णिला. तेथे रत्नांचे सिंहासनी महाराज बसले आहेत, उजवे हाती स्वये भानभट बसला आहे, आणि हाच प्रबंध महाराजांस कल्पांतापर्यंत ऐकवीत आहे, ऐसे लिहिले. महाराजांची मर्जी अत्यंत खुशी जाहली आणि त्यांनी ग्रंथावर अक्षता टाकिल्या.

या अक्षतांचा प्रकार समजला पाहिजे. महाराजांचे आजोबांचे वेळेस एक कवी होता, तो ज्याने शालजोडी दिली त्यास शूर म्हणे आणि शालजोडी विरली म्हणजे त्याच ओळीत दुसरा शूर बसवी. त्यावरून ऐसा दंडक पडला की सभेत म्हटल्यावर ज्या प्रसंगावर महाराजांचे हातच्या अक्षता पडतील तो खरा; त्यातील एक अक्षर मागे घेणे नाही. पुढे वाढविणे असेल तर वाढवावे. भानभटास हा दंडक फार आवडला, कारण आपले लिहिले कोणी खोडू नये ऐसे प्रत्येक लिहिणाऱ्यास वाटते. मग नरकाचे प्रसंग निघाले आणि सभेस रंग भरला. जो खोटे माप घाली त्याची कातडी दूत रोज मापून काढितात आणि रोज एक बोट कमी भरते. जो शेजाऱ्याचा बांध कोरी तो दातांनी बांध घालितो. जो आयते जेवला त्याचे पुढे पक्वान्नाचे ताट येते आणि हात कोपरात वाकत नाही. प्रत्येकास कोठे ना कोठे आपला शेजारी दिसला, आणि सभेतील लोक एकमेकांकडे पाहून माना डोलावू लागले. एके प्रसंगी कडकपणा यावा म्हणून भानभटाने यमाचे तोंडी ही ओवी घातली:

येथे आला तो न सुटे । जरी स्वर्ग खाली तुटे ।
बदली बैसता बंध फिटे । एरवी नाही ॥

म्हणजे नरकातल्या माणसाचे जागी दुसरा बसला तरच पहिला सुटेल. सभेने वाहवा केली, अक्षता पडल्या, आणि भानभट घरी जाऊन पोटभर जेवला. पुढले प्रसंगास उपहासाचे कुंड होते, म्हणजे जे लोक दुसऱ्यास हसले त्यांची जागा. हे कुंड भानभटाने सर्वांत खोल केले. लिहिता लिहिता त्यास वेळूखेड्याची एक संध्याकाळ आठवली. शिवालयाचे ओट्यावर त्याने प्रथमच आपले काव्य, यमाचे आगमनाचे, म्हटले होते, आणि गावचा राघो तांबट खांबास टेकून बसला होता, त्याने मोठी जांभई देऊन म्हटले होते, “भटजी, यम केव्हा येतोय तेवढं सांगा, तवर मी पेंगतो.” सारा गाव हसला होता. त्याची आई गिरमाई पदर तोंडास लावून हसली होती, ते तर त्यास अजून टोचत होते. एकटा बाप हसला नव्हता. परंतु बापास त्यातील अर्धे कळलेच नव्हते. तेव्हा भानभटाने लेखणी बुडवून लिहिले:

उपहासाचे तप्तकुंडी । राघो तांबट हालवी मुंडी ।
जिव्हा ऐरणीवरी कांडी । दूत तयाची ॥

ओवी साधली, त्याचे मन शांत जाहले. तांबट कोठे, सभा कोठे, ऐकतो कोण, ऐसा विचार करून त्याने ती सभेत म्हटली, आणि महाराजांनी अक्षता टाकिल्या.

आता महाराजांनी काय केले ते ऐका. त्यांची भीती गेली होती आणि त्याबद्दल कृतज्ञता दाटली होती, म्हणून त्यांनी कारभाऱ्यांस आज्ञा केली की हा ग्रंथ गावोगावच्या चावडीवर वाचावा, आणि राज्यातील वागणूक त्याबरहुकूम व्हावी. ग्रंथात जो नरकात नेमिला आहे त्याचा दहावा उरकून घ्यावा, पुढे श्राद्ध घालू नये, कारण पिंड तेथवर पोहोचत नाही, आणि मंगलकार्यात त्याचे नाव उच्चारू नये. वेळूखेड्याचे चावडीवर ग्रंथ वाचला तेव्हा राघो तांबट पहिल्या ओळीत बसला होता आणि खोटी मापे घालणाऱ्यांची फजिती ऐकून हसत होता. आपले नाव आले तेव्हाही तो हसला. हसणारा तो एकटाच आहे हे त्याचे ध्यानी आले तेव्हा गावाने त्याजपासून हातभर अंतर सोडिले होते. पाटील म्हणाला की ग्रंथ खरा, महाराजांच्या अक्षता आहेत. राघो नरकात आहे तर तो मेला असला पाहिजे. मग हा समोर बसला आहे तो कोण याचा विचार ज्याने त्याने करावा. दुसरे दिवशी त्याची बायको बायजा हिचे कपाळीचे कुंकू पुसले. नदीवर दहावा जाहला. राघो काठावर दगडावर बसून पाहत होता आणि ओरडून सांगत होता की मी इथं आहे. तो कावळा आला आणि पिंडास एकदम शिवला. लोक म्हणाले, पाहा, याची इच्छा उरली नाही. राघो म्हणाला, “अरं तो माझ्या दुकानाम्होरचा कावळा हाय, त्याला रोज मी भाकर टाकतो.” ते कोणी ऐकिले नाही. मेलेल्याचे हातचे भांडे कोण घेणार, म्हणून भट्टी बंद पडली, आणि पोरे बापासमोर बसून बापासाठी रडो लागली. पोरांची समजूत घालावयास गेला तर ती भिऊन पळत.

मग राघो चालत राजधानीस आला आणि सभेत उभा राहून म्हणाला, “मी जित्ता हाय.” पंडितांनी प्रथम त्याचे पाय पाहिले, पाय सुलटे होते. एक पंडित म्हणाले की भुताचे पाय उलटे असतात. दुसरे म्हणाले की ते सामान्य भुताचे, नरकस्थ भुताचे पाय कैसे असतात हे ग्रंथात दिले नाही, सबब सुलटे असू शकतात. महाराजांनी हे मान्य केले आणि राघोस हाकलून देवविले. हे सर्व भानभट आपले नवे आसनावरून पाहत होता. एका ओळीने इतके होईल हे त्याचे मनात कधी आले नव्हते, आणि मनात आले नव्हते म्हणून आपला दोष नाही ऐसे तो मनास समजावीत होता, आणि मन समजत नव्हते. सभा उठून तो वाड्यावर आला तो दारात राघो बसलेला.

राघो उठून उभा राहिला आणि त्याने पागोटे काढून भानभटाचे पायरीवर ठेविले. म्हणाला, “भटजी, हसलो ती चूक झाली. मला त्या तापल्या कुंडाचं काय नाय, माझा जन्म भट्टीम्होरं गेला. पण बायजाचं कपाळ बघवत नाय. मला तिथनं काढा.” भानभट म्हणाला, “राघोबा, अक्षता पडल्या आहेत.” राघो म्हणाला, “मग सांगा महाराजांस्नी, की हे तुमच्या मनानं घातलं.” भानभटाने तोंड उघडले. एक राघो खोटा म्हटला की सारा नरक खोटा, नरक खोटा म्हटला की स्वर्ग खोटा, आणि महाराज पुनः पहाटे भिऊन उठू लागतील, आणि ज्याने त्यांस फसविले त्याचे काय करतील हे सांगावयास ग्रंथ नको होता. शिवाय पालखी होती, पहिली रांग होती, लोक वाकून नमस्कार करीत होते. भानभटाने तोंड मिटिले. तेव्हा राघोच म्हणाला, “त्या पोथीत बदलीचं काय हाय ना? दुसरा बसला की पहिला सुटतो? मग बसवा की कुणी. मेलेला बसवा, म्हंजे कुणाला दुखायचं नाय.”

ही युक्ती भानभटास पटली. तो विचार करो लागला की बदली कोण द्यावा. देशमुखाचा चुलता मोठा उपहासी होता, परंतु त्याचे पुतणे भाले बाळगून होते. जोशी मेला त्यास तीन मुलगे, तिघेही भांडखोर. ज्याचे त्याचे मागे कोणी ना कोणी होते, तो उद्या उठून दारात येणार. ज्याचा पुत्र तक्रारीस येणार नाही ऐसा एकच मृत भानभटास ठाऊक होता. तो विचार येताच त्याने हात झटकिला. मग तोच पुनः आला, मग बसला. अंतोभट गरीब माणूस, कोणास कधी हसला नाही, कोणास नाही म्हणाला नाही. थंडीत गार पाण्याने पूजा करून करून त्याचे गुडघे धरले होते, तरी भानभट शिकावयास नदीपार जाई तेव्हा पोथ्या भिजू नयेत म्हणून डोईवर घेऊन छातीइतक्या पाण्यातून पलीकडे पोहोचवीत असे. भानभट मनाशी म्हणाला, बाबांनी आजवर माझे ओझे उचलिले, हेही उचलतील. आणि मेलेल्या माणसास ओवीने काय होते? ऐसे म्हणून त्याने लिहिले. लिहिताना त्यास रडू आले हे खरे आहे. रडत रडत त्याने यमक जुळविले.

सभेत तो प्रसंग म्हटला. मग महाराज उठले आणि म्हणाले, “कवीश्वर, आपण सत्यासाठी जन्मदात्यासही सोडिले नाही, ऐसा निःस्पृह पुरुष आमचे राज्यात आहे हे आमचे भाग्य.” ऐसे बोलून अक्षता टाकिल्या आणि आपले गळ्यातील कंठा काढून भानभटाचे गळ्यात घातला. भानभट लवून नमस्कार करिता जाहला. त्या दिवशी त्यास कंठा जड वाटला, दुसरे दिवशी सवय जाहली.

राघो सुटला. परंतु एकदा दहावा जाहलेला माणूस तसाच घरात कैसा घ्यावा, म्हणून गावच्या भटांनी शास्त्र काढिले की त्याचा पुनः जन्म व्हावा. मग त्याचे जातकर्म केले आणि बारसे केले. एवढा मिशांचा बाप्या पाळण्यात घातला, तो पाळणा मोडला, आणि बायकांनी कसेबसे एक गाणे म्हणून त्याचे नाव पुनः राघो ठेविले; मग मुंज करावयाची नव्हती म्हणून थेट बायजाशी पुनः लग्न लाविले, त्याची पोरे अक्षता टाकावयास उभी होती. एरवी असे काही गावात घडते तर सर्वांत आधी राघो हसता आणि महिनाभर लोकांस हसविता. तो मुकाट पाळण्यात निजला आणि मुकाट बोहल्यावर उभा राहिला. त्यानंतर त्यास हसताना कोणी पाहिले नाही. लोक येऊन विचारीत की तिकडे कैसे आहे, कारण जाऊन आलेला तो एकच होता. तो घण मारीत राही.

पुढे पितृपक्ष आला. आणि भाद्रपद सरतो आहे तो एके दुपारी भानभटाचे दारी त्याची आई गिरमाई येऊन उभी राहिली. एकटी चालत आली होती, पायाला चिंध्या बांधल्या होत्या. भानभट धावत सामोरा गेला, पाय धुवावयास पाणी मागविले, तिने पाय धुऊ दिले आणि मग पुसिले, “भाना, काय केलं होतं रे त्यांनी?”

ती म्हणाली, “मी अळूचं फदफदं केलं, त्यांना आवडायचं म्हणून. पान मांडलं. एक ब्राह्मण यायला तयार नाही. म्हणाले, गिरमाई, तुमचं तिथवर पोचत नाही. संध्याकाळी गाईला घातलं. भाना, ते कुणाला हसले रे? मी इतकी वर्षं घरात होते, मला तर आठवत नाही. माझ्या पाठीमागे कुणाला हसले का?” तिने हे रागाने पुसिले नव्हते, तिला खरेच जाणावयाचे होते, हेच वाईट होते. भानभट तिचे पायाशी बसला आणि म्हणाला, “आई, कुणाला हसले नाहीत. ते कुंडच नाही. मी रचलं सगळं. बाबा तिथे नाहीत.”

गिरमाईने त्याचे तोंडाकडे पाहिले. “महाराजांनी अक्षता टाकल्या ना?”

“टाकल्या. पण ते खरं नव्हे.”

“मग कुठे आहेत ते?”

“कोण?”

“अरे, तुझे बाबा. तिथे नाहीत म्हणतोस, मग कुठे आहेत ते सांग.”

भानभट म्हणाला, “मला ठाऊक नाही, आई.”

म्हातारीने सुस्कारा टाकिला. “तुला ठाऊक नाही, पण राघोला ठाऊक आहे. तो जाऊन आलाय. मी रडत त्याच्या भट्टीपाशी गेले, म्हटलं, तुझ्या जागी ते गेले, तू त्यांना पाहिलंस का? मग घण खाली ठेवला आणि म्हणाला, काकू, उंबऱ्यावर भेटलो की. मी बाहेर येत होतो, ते आत चालले होते. मला म्हणाले, राघोबा, इथं थंडी नाही बघ, गुडघे कसे छान शेकतात. आणि हसले म्हणे.” हे सांगताना तिचे डोळे निवळले. “त्यांचे गुडघे रे, भाना. शेवटच्या थंडीत रात्र रात्र मी तेल चोळायचे. तर आता मी काय म्हणते, तू मलाही तिथेच घाल. मला स्वर्ग नको. तिथे माझं कोण आहे? आणि मी काही लबाडी करायला सांगत नाही. त्या दिवशी देवळात राघो बोलला तेव्हा मी हसले होते. तू पाहिलं होतंस. मी तुझ्याकडे बघितलं तर तुझं तोंड एवढंसं झालेलं. त्यांचा काही अपराध नव्हता, पण माझा आहे. मला घाल.”

भानभटाने पुष्कळ सांगितले. आई, मी खोटे लिहिले. आई, राघोही खोटे सांगतो. आई, तू दमली आहेस, जेव. ती जेवली आणि पुनः तेच म्हणाली. ती तेथे राहिली, आणि रोज विचारी, झालं का रे लिहून? तिचे तोंडाकडे पाहता भानभटाचे ध्यानी आले की राघोने एका दुपारी जे दिले ते काढून घ्यावे तर त्याचे जागी ठेवावयास आपणापाशी काही नाही. आणि महाराजांपुढे जाऊन खोटे म्हणावयाचे त्याहून आईचे ऐकणे सोपे होते, हेही होते. यात माया किती आणि भय किती हे त्याचे त्यास कळले नाही. त्याने लिहिले. नरकात येणाऱ्यास मनाई कोणत्याच प्रसंगात नव्हती, त्यामुळे बदलीची गरज पडली नाही. सभेत म्हणताना त्याचा आवाज फुटला आणि सभेने तो कवित्वाचा गुण मानिला. अक्षता पडल्या. गिरमाई बायकांचे बाजूस पडद्याआड बसली होती, तिने त्या दिशेस हात जोडिले आणि घरी आल्यावर भानभटाचे डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटे मोडिली. म्हणाली, “आता बरं वाटलं.” पालखी नको म्हणाली आणि भाकरी बांधून घेऊन गावी निघून गेली.

गावाने तिचा दहावा जिवंतपणीच उरकिला; मग पौषात कडाक्याची थंडी पडली, तीत ती वारली. आज्ञेप्रमाणे नरकस्थाचे प्रेतास ब्राह्मण हात लावीना. भानभट पोहोचला तो तांबटांनी तिला उचलून नदीवर नेले होते आणि राघोने आपले हाते अग्नी दिला होता. भानभट राखेपाशी उभा राहिला. त्यास मंत्र पाठ होते, एकही म्हणता आला नाही, कारण मंत्र पोहोचत नाहीत ऐसे जागी तिला आपणच लिहिले होते. मग तो राघोस म्हणाला, “तू तिला खोटे का सांगितलेस?” राघो म्हणाला, “म्हातारी रडत होती.”

मग भानभट तडक राजधानीस आला, अंगावर प्रवासाची धूळ तशीच, सभेत उभा राहिला आणि गळ्यातील कंठा काढून महाराजांपुढे ठेविला. म्हणाला, “महाराज, मी खोटे बोलिलो. मज यमपुरीचे काही ठाऊक नाही. एक माणूस मज हसला, त्याचा राग धरून मी कुंड खणले, आणि त्यात माझा बाप घातला आणि आई घातली. सर्व खोटे आहे. मज काय शासन करावयाचे ते करावे.” हे शब्द त्याने एक वर्षामागे उच्चारावे ते आज उच्चारिले. मग महाराजांनी डोळे पुसले आणि पंडितांस म्हणाले, “मातृशोकाने पाहा कैसे जाहले आहे.” पंडित म्हणाले की थोरांचा विनय ऐसाच असतो, आपणास अज्ञानी म्हणविणे हे ज्ञानाचे लक्षण होय, पूर्वी उपरणे ओढणारे पंडितही या एका गोष्टीवर एकमत जाहले. कंठा पुनः भानभटाचे गळ्यात घातला गेला. भानभट ओरडून म्हणाला, “मग मज तरी त्या कुंडात नेमा. मी त्याहून मोठे पाप केले आहे.” कारभारी पुढे होऊन अदबीने बोलिले, “कवीश्वर, आपले स्थान पहिले प्रसंगी नेमिलेले आहे, महाराजांचे उजवे हाती. अक्षता पडल्या आहेत.” भानभट म्हणाला, “बदली द्या.” कारभारी म्हणाले, “बदली नरकासाठी लिहिली आहे, स्वर्गासाठी लिहिलेली नाही. आपणच लिहावयाचे विसरलात.” आता लिहितो म्हणाला, तर महाराज म्हणाले की शोक उतरेपर्यंत कवीश्वरांस दौत देऊ नये. तो शोक त्यांचे मते पुढे कधीच उतरला नाही.

भानभटाची उरलेली वर्षे ग्रंथ म्हणण्यात गेली, कारण महाराजांस तो रोज ऐकल्यावाचून झोप लागत नसे. केस पिकले, दात गेले, तेव्हा एक वेळ तो वेळूखेड्यास गेला आणि राघोचे भट्टीपुढे जाऊन बसला. राघोही म्हातारा जाहला होता, हंड्यास ठोके घालीत होता. भानभट लाजत लाजत म्हणाला, “राघोबा, तू जाऊन आलास म्हणतात. स्वर्गाकडून त्या कुंडाकडे यावयास वाट आहे काय रे? आईबाबा नुसते पाहावयास मिळतील इतकी तरी?” भानभटास पुरते ठाऊक होते की हा कोठे गेला नव्हता. तरी तो त्याचे तोंडाकडे पाहत राहिला, ज्या डोळ्यांनी त्याची आई पाहत राहिली होती त्याच डोळ्यांनी. राघोने हातोडी थांबविली. त्यास दया आली नसेल ऐसे नाही. परंतु नदीकाठचे दगडावर बसून आपला दहावा पाहिला तो दिवसही त्यास आठवत असावा. तो म्हणाला, “भटजी, म्या त्या बाजूला गेलो न्हवतो.” आणि हंडा फिरवून दुसरे अंगास ठोके घालू लागला.

येणेप्रमाणे वर्तमान. पुढे महाराज वारले आणि पाठोपाठ भानभट वारला, दोघांची श्राद्धे थाटाने होतात, आणि दोघे स्वर्गात आहेत याविषयी राज्यात कोणास शंका नाही. तेथे प्रबंध चालू आहे आणि महाराज ऐकत आहेत. उपहासकुंडाचा प्रसंग त्यांस विशेष आवडतो, तो ते पुनःपुनः म्हणावयास लावितात. ऐकिले तैसे लिहिले. लिहिणाऱ्याचे नाव गाळले आहे.